वर हिरवी, खाली लाल? मग तीस मीटरवर हिरवं शैवाल काय करतंय?

तळठाव

नमस्कार मंडळी. वनस्पतीशास्त्रात पदवी घेतली आणि पुढे पोटापाण्याला भलतंच क्षेत्र निवडलं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

शैवालांचा खोलीनुसार क्रम आम्ही घोकून पाठ केला होता. वर हिरवी, मधे तपकिरी, सगळ्यात खाली लाल. कारणही पाठ होतं. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो, खोलवर फक्त निळा-हिरवा प्रकाश पोचतो आणि तो पकडायला लाल शैवालांकडे फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य असतं. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळायचे.

आता डायव्हिंग शिकलोय आणि उष्ण समुद्रातल्या प्रवाळभिंतीवर उतरायला लागलोय. तिथे हा क्रम काही दिसेना. जिथे लाटा फुटतात त्या अगदी वरच्या काठावर खडकाला गुलाबी रंग फासल्यासारखा थर दिसला. आमचा गाइड म्हणाला, हे लाल शैवाल आहे. आणि खाली तीस मीटरवर भिंतीवरून हिरव्या चपट्या चकत्यांच्या लांबच लांब माळा लोंबत होत्या, बटणं ओवल्यासारख्या. तपकिरी तर जिकडेतिकडे.

म्हणजे शिकवलं ते चूक होतं का? आणखी एक. वर फांद्याफांद्यांची असणारी प्रवाळं खाली चपटी ताटं होऊन का बसतात? आणि हे सगळं संपतं कुठे, म्हणजे शेवटचं शैवाल किती खोलीवर सापडतं?

निळं_पाणी

टॉर्च होता का हातात? तीस मीटरवर डोळ्यांनी रंग ठरवू नका. तिथे बोट कापलं तर रक्तसुद्धा काळपट हिरवं दिसतं. तुम्हाला 'तपकिरी' दिसलेल्यातलं बरंचसं टॉर्चच्या उजेडात किरमिजी निघालं असतं. हिरव्या माळा मात्र खऱ्याच हिरव्या, ते हॅलिमेडा. बाकी शैवालकाकू सांगतीलच, त्यांचाच विषय आहे.

शैवालकाकू

सांगते. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझी नोकरी नमुने ओळखण्याची होती. पाण्यात उतरणारी मंडळी वेगळी. आमच्याकडे यायचे ते डबे, आत फॉर्मॅलिन आणि एक चिठ्ठी: जागा, तारीख, खोली. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडून जातो. हिरवं, लाल, तपकिरी सगळं हळूहळू मळकट पिवळ्यावर येतं. त्यामुळे तुम्ही जो क्रम पाठ केलात त्याचा मला टेबलावर काडीचा उपयोग नव्हता. तरी चिठ्ठीवरचा खोलीचा आकडा झाकून ठेवून आधी अंदाज बांधायचा हा माझा खेळ असे आणि अंदाज बहुतेक वेळा जवळपास यायचा. तो यायचा शैवालाच्या बांध्यावरून. बोटभरही उंच नाही, दाट, चिवट, जागोजागी कुरतडलेलं असेल तर उथळ पाणी. पातळ, रुंद, एकावर एक न चढता आडवं पसरलेलं असेल तर खोल. खडकाला घट्ट चिकटलेलं दगडी कवच असेल तर मात्र अंदाज सोडून द्यायचा, कारण ते कुठलंही असू शकतं. तुम्ही लाटांच्या काठावर पाहिलेला गुलाबी थर तोच. त्याच्याकडे परत येते.

आधी तुमचं पाठांतर. ही कल्पना थिओडोर एंगेलमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाची, १८८३ ची. माणूस भन्नाट होता. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली शैवालाच्या तंतूवर प्रकाशाचा वर्णपट पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणू ज्या रंगाच्या पट्ट्यात गर्दी करतील तिथे प्रकाशसंश्लेषण जोरात. कुठलंही महागडं यंत्र नाही. त्यावरून त्याने मांडलं की शैवालाचा रंग त्या खोलीवरच्या प्रकाशाच्या रंगाला पूरक असतो. प्रयोग सुंदरच आहे. पण त्यातून निघालेला 'हिरवी, तपकिरी, लाल' हा जिना समुद्रात तसा सापडत नाही.

पहिली अडचण अशी की रंगद्रव्य पुरेसं दाट झालं की शैवालाचा रंग कुठला याला फारसा अर्थ उरत नाही. १९७० च्या दशकात जोसेफ रॅमस आणि सहकाऱ्यांनी हिरवी आणि लाल शैवालं वेगवेगळ्या खोलीवर ठेवून तपासली. दोन्ही गट खाली गेल्यावर रंगद्रव्यं वाढवून जुळवून घेतात. आणि कोडियमसारखं जाडजूड हिरवं शैवाल तर अंगावर पडणारा जवळजवळ सगळाच प्रकाश पिऊन टाकतं, मग तो हिरवा असो की निळा. दुसरी अडचण, हिरव्या गटातल्या बऱ्याच जणांकडे सायफोनझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते हिरवा प्रकाशही पकडतं. तुमचं हॅलिमेडा त्यांतलंच. पाठ्यपुस्तकातलं हिरवं शैवाल म्हणजे काठावरचं अल्व्हा. त्याच्यावरून साऱ्या हिरव्यांचं भविष्य सांगायचं म्हणजे कमाल आहे.

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्येला पुली रिज नावाची बुडालेली धार आहे. ६० ते ८० मीटर खोलीवर तिथे प्रवाळाची चपटी ताटं आणि त्यांच्या आजूबाजूला अ‍ॅनॅडिओमेनी हे हिरवंगार, पानासारखं पातळ शैवाल मोठ्या प्रमाणावर पसरलेलं आहे. एंगेलमानच्या जिन्यात त्याला तिथे जागाच नाही.

आता शेवट कुठे. १९८४ मध्ये मार्क आणि डायान लिटलर हे शैवालतज्ज्ञ जोडपं बहामाजमधल्या सान साल्वाडोरजवळच्या एका समुद्री डोंगरावर जॉन्सन-सी-लिंक या पाणबुडीतून उतरलं. डोंगराचा माथाच ८१ मीटरवर. माथ्यापासून ९० मीटरपर्यंत लोबोफोरा, म्हणजे तपकिरी शैवालाचं राज्य. ९० ते १३० मीटर हॅलिमेडा, हिरवं. १३० ते १८९ पेसोनेलिया, लाल. त्याखाली फक्त दगडी कवचाची लाल शैवालं, आणि त्यांतलं शेवटचं जिवंत कवच २६८ मीटरवर. क्रम नीट बघा, तपकिरी सगळ्यात वर आणि हिरवं त्याच्या खाली! पाठांतराच्या बरोबर उलट. शेवटी मात्र लालच, तेवढं एंगेलमानला द्यायला हवं.

त्या २६८ मीटरवर पृष्ठभागाच्या ०.०००५ टक्के प्रकाश होता. म्हणजे दोन लाख भागांतला एक भाग. प्रकाश खाली जाताना ठरावीक अंतराला निम्मा होत जातो. अतिशय स्वच्छ पाण्यात हे अंतर साधारण १५ मीटर धरा. ६० मीटरवर सोळावा हिस्सा उरतो आणि तसंच पुढे निम्मं निम्मं करत गेलात की त्या दोन लाखांपर्यंत पोचता. गढूळ पाण्यात हाच सगळा पसारा वीसपंचवीस मीटरमध्ये आटोपतो. म्हणून 'अमुक शैवाल अमुक मीटरवर' असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, कुठल्या पाण्यात?

एवढ्याशा उजेडावर जगायचं तर उत्पन्न वाढवायचे मार्ग थोडे, खर्च कमी करायचे जास्त. दगडी कवच म्हणजे पेशींचा पातळ थर, खाली चुना. देठ नाही, फांद्या नाहीत, एका भागाची दुसऱ्यावर सावली नाही, श्वसन मंद. वाढ इतकी सावकाश की आपल्याला ती वाढ वाटणारच नाही. रंगद्रव्याचा फायदा आहे, पण माझ्या मते तिथे टिकायला हा काटकसरी बांधा जास्त कामी येतो.

आणि हाच बांधा वर लाटांमध्येही का चालतो? कारण तिथे प्रश्न उजेडाचा नाहीच, तिथे उजेड नको इतका आहे. तिथे प्रश्न मार खाण्याचा आणि खाल्लं जाण्याचा. प्रशांत महासागरातल्या कंकणद्वीपांच्या, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांच्या, वाऱ्याकडच्या कडेला पोरोलिथॉनसारख्या कवचशैवालांनी बांधलेला गुलाबी कठडा असतो. फांद्यांची प्रवाळं जिथे मोडून पडतात तिथे हे लाटा अंगावर घेतं. सर्जनफिश आणि पॅरटफिश दिवसभर खडक खरवडत फिरतात. मऊ शैवाल त्यांच्या तोंडी जातं, कवच ओरखडे सोसून टिकतं. उलट हे मासे नसले तर कवचावर मऊ शैवाल चढून त्याचाच उजेड बंद होतो. म्हणजे याला खाणारे हवेच असतात.

खोलीचा क्रम लावताना लोक हीच गोष्ट विसरतात. उष्ण समुद्रात वरच्या दहा-पंधरा मीटरांत शैवाल सगळ्यात जोमाने वाढतं, तरी तुम्हाला तिथे शैवाल दिसत नाही. कारण ते वाढतं त्याच दिवशी खाल्लं जातं. जी दिसते ती मिलिमीटरभर उंचीची लव, तिचा शैवाल म्हणून कोणी फोटोही काढत नाही. खाली जाल तसे शाकाहारी मासे कमी होतात, प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, जगणारे वाढतात. मग लोबोफोराची पंख्यासारखी पानं आणि हॅलिमेडाच्या माळा निवांत वाढलेल्या दिसतात. तुम्हाला तीस मीटरवर 'हिरवं' दिसलं त्याचं एक मोठं कारण हे, की तिथे ते संपवणारी तोंडं कमी होती.

याचा पुरावा कॅरिबियनमध्ये फार महागात मिळाला. १९८३ मध्ये पनामाजवळ डायाडेमा हे लांब काट्यांचे सी अर्चिन मरायला लागले आणि वर्षभरात रोग सगळ्या कॅरिबियनभर पसरला. जमैकात अतिमासेमारीने शाकाहारी मासे आधीच संपलेले, शैवाल खाणारे उरले होते ते हे अर्चिनच. १९८० च्या अ‍ॅलन वादळाने प्रवाळही मोडलेलं होतं. १९७७ मध्ये तिथे जिवंत प्रवाळाचं आच्छादन ५२ टक्के होतं, ते १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आलं. शैवाल ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. खोली तीच होती, उजेडही तोच होता.

हॅलिमेडाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही पाहिलेली अख्खी माळ आतून सलग आहे, पेशींच्या भिंती नाहीत, म्हणजे एक प्रचंड पेशीच. नवी चकती ती रात्री काढते, मासे झोपलेले असताना. रात्री ती पांढरीफट्ट असते, पहाटेच्या सुमारास हरितलवके आत सरकतात आणि ती हिरवी होते. कोवळ्या चकतीत विषारी रसायनं जास्त, मग हळूहळू चुना भरला की विषावरचा भर कमी. मेल्यावर त्या चकत्यांची वाळू होते. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडे, बाहेरच्या खडकांच्या आडोशाला, या वाळूचे कड्यांच्या आकाराचे ढीग समुद्रतळावर पसरलेत. एकेक कडं २०० ते ३०० मीटर रुंद. २०१६ मध्ये त्यांचा नकाशा झाला तेव्हा क्षेत्र सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर भरलं. प्रवाळभिंत प्रवाळाने बांधली असं आपण सहज म्हणतो. शैवालांनी किती चुना घातलाय ते कोणी सांगत नाही, याचा मला जुना राग आहे.

प्रवाळांच्या ताटांबद्दल कोणी दुसऱ्याने लिहा. माझा हात दुखला.

रंगद्रव्य

काकू, एंगेलमानला जरा जास्तच झोडपलंत. रंगाचा काहीच संबंध नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. फायकोएरिथ्रिन हिरवा प्रकाश पकडतं, तपकिरीतलं फ्यूकोझँथिन निळा-हिरवा पकडतं, आणि तुम्हीच सांगितलेलं सायफोनझँथिन म्हणजे हिरव्या शैवालांनी त्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर. प्रकाशाच्या रंगाचा दाब नसता तर ही रंगद्रव्यं अंधुक जागी कशाला उपयोगी पडली असती?

प्रवाळांचं मी सांगतो. प्रवाळाच्या ऊतीत सहजीवी शैवालं राहतात, अन्नाचा मोठा भाग तेच पुरवतात. त्यामुळे प्रवाळाचा आकार हा बराचसा उजेड गोळा करण्याचा हिशोब असतो. वर उजेड सगळीकडून येतो आणि अतीच येतो. फांद्या असल्या की थोडी सावली मिळते, शिवाय जागेच्या भांडणात भराभर वर जाता येतं. खाली उजेड फक्त वरून, तोही थोडा. तिथे उभी फांदी म्हणजे सांगाडा बांधायचा खर्च आणि वर स्वतःचीच सावली. म्हणून ताट. थॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकात जमैकाच्या भिंतीवर हे पट्टे नोंदवले: वर एल्कहॉर्न, मग स्टॅगहॉर्न ही फांद्यांची प्रवाळं, मग मोठे गोळे, आणि खाली अ‍ॅगॅरिशियाची पातळ ताटं. ऑर्बिसेलासारखं प्रवाळ तर एकाच भिंतीवर वर ढिगासारखं आणि खाली छपराच्या कौलांसारखं वाढतं.

सर्वात खोल सापडलेलं सहजीवी शैवालाचं प्रवाळ लेप्टोसेरिस, फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबिए बेटांजवळ १७२ मीटरवर. आणि खोलवरची काही प्रवाळं निळा प्रकाश घेऊन नारिंगी-लाल प्रकाश सोडणारी प्रथिनं बाळगतात. हा लाल प्रकाश ऊतीत जास्त आतवर शिरतो, म्हणजे आतल्या थरातल्या शैवालांनाही वाटा मिळतो. रंगाला किंमत आहे, काकू.

शैवालकाकू

किंमत नाही असं म्हटलेलंच नाही. क्रम त्याने ठरत नाही, एवढंच म्हटलं. तुमची तीन रंगद्रव्यं तीन वेगळ्या गटांत आहेत आणि तिन्ही गट खोलवर सापडतात, मग जिना कसला? तुमच्या मुद्द्याने माझीच बाजू भक्कम झाली.

पण तुम्ही सहजीवी शैवालांचा विषय काढलात म्हणून एक गंमत सांगते. जिवंत प्रवाळाचा तुकडा मोडलेला सापडला तर त्याच्या कातडीखाली, पांढऱ्या सांगाड्यात, हिरवा पट्टा दिसतो. ते ऑस्ट्रिओबियम, चुन्यात बिळं करून राहणारं हिरवं शैवाल. वरचं ऊतक आणि त्यातली शैवालं उपयोगाचा जवळजवळ सगळा प्रकाश खातात. याच्या वाट्याला शेकड्याला एक भागही येत नाही आणि जो येतो तो लालच्या पलीकडच्या टोकाचा, बाकीच्यांनी टाकलेला. हा पठ्ठ्या तोही वापरतो. म्हणजे भर दुपारी दोन मीटर पाण्यातल्या प्रवाळाच्या आत अंधार खोल समुद्रासारखा आणि त्या अंधाराचा रंग मात्र खोल समुद्राच्या अगदी उलटा. हेच ऑस्ट्रिओबियम बहामाजच्या त्या डोंगरावर दोनशे मीटरच्या खालीही सापडलं. एकच पोरगं, दोन्ही टोकांना, दोन्ही रंगांत. याला कुठल्या पायरीवर बसवाल?

सागरगोटा

इथे चर्चा चांगली चाललीय म्हणून विचारतो. पाणी तापून वरची प्रवाळं पांढरी पडतात हे पाहतोच आहे. पण खाली थंड, शांत पाणी. मग खालची प्रवाळं वाचतील आणि तिथून वरची भिंत पुन्हा भरेल असं ऐकलं होतं. खरं का?

रंगद्रव्य

ही आशा बरीच वर्षं मांडली जात होती. थोडा आधार आहे, फार नाही. २०१६ च्या विरंजनात ग्रेट बॅरिअर रीफवर ४० मीटरवरची प्रवाळंही पांढरी पडली, वरच्यापेक्षा कमी प्रमाणात. आणि मुळात खालची वस्ती वेगळी असते. लुईझ रोशा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अटलांटिक आणि प्रशांत दोन्हीकडे दाखवलं की खोल भिंतींवरचे मासे-प्रवाळ बरेचसे स्वतंत्रच आहेत. एल्कहॉर्न ६० मीटरवर मुळात नसतंच, मग तिथून ते परत वर कसं येणार? दोन्हीकडे राहणाऱ्या जातींपुरता थोडा उपयोग होईल.

शैवालकाकू

शिवाय खालचं सुरक्षित आहे हेही धरून चालू नका. प्रशांत महासागरातले लायनफिश कॅरिबियनमध्ये शिरले, ते खोल भिंतींवरही उतरले. बहामाजमध्ये ३० ते ६० मीटरच्या पट्ट्यात त्यांनी छोटे शाकाहारी मासे फस्त केले आणि लोबोफोरा प्रवाळांवर चढलं. आधीच तोंडं कमी, तीही गेली. आणि वरून माती वाहून आली की पाणी गढूळ होतं, तेव्हा उजेड सगळ्यात आधी बंद होतो तो तळच्यांचा. दोन लाखांतल्या एका भागावर जगणाऱ्याचा निम्मा भाग काढून घेतला तर त्याने जायचं कुठे?

तळठाव

काकू, सगळ्यांनाच धन्यवाद. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी उतरताना नोंदी ठेवायचा विचार आहे. एकच विचारतो, पेसोनेलिया आणि दगडी कवचाचं शैवाल पाण्यात वेगळं कसं ओळखायचं? दोन्ही लाल, दोन्ही खडकाला चिकटलेली.

शैवालकाकू

कड बघा. पेसोनेलियाची कड बहुतेकदा सुटी असते. पाण्याच्या हालचालीने किंचित उचलली जाते, रंग गडद किरमिजी आणि त्यावर पंख्यासारख्या बारीक रेषा. दगडी कवचाची कड खडकात मुरलेली असते, दगड आणि शैवाल यांची हद्द सापडत नाही. भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक भोकं किंवा पुटकुळ्या दिसतात, त्यातून बीजाणू बाहेर पडतात. काही जण आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघा म्हणतील. तो नाद करू नका. एकतर जिवंत भिंतीवर आम्ल न्यायचं नाही, आणि पेसोनेलियातल्या काही जातींतही चुना असतो, त्यामुळे फेस दोन्हीकडे येऊ शकतो. नखाने उचकटूनही बघू नका.

नोंदीत खोलीबरोबर तीन गोष्टी लिहा: खडकाचा उतार किती आणि तोंड कुठे, जवळपास चाव्यांचे पांढरे ओरखडे आहेत का, आणि त्या दिवशी पाणी किती मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. कपारीच्या छताखाली पंधरा मीटरवरही तुम्हाला साठ मीटरची मंडळी भेटतील, म्हणून उताराचं आधी लिहा. फोटो टॉर्च किंवा फ्लॅश लावून काढा, एकदा पूर्ण आणि एकदा फक्त कडेचा. इथे टाका, बघते. जातीपर्यंत नाव सांगता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. कवचशैवालांत बरेचदा काप काढून पेशी पाहिल्याशिवाय किंवा डीएनए तपासल्याशिवाय नाव लावता येत नाही.